वाळूतले खड्डे

इथे ट्यूबलाइटभोवती तुडतुडे येत नाहीत.

पुण्यात ज्या सोसायटीत मी एका आजोबांची देखभाल करते, तिथे सातव्या मजल्यावर दिवाळीच्या तोंडावर फक्त फटाक्यांचा वास येतो, आणि कुणाच्या तरी घरून चिवड्याच्या फोडणीचा. आईचा फोन आला तेव्हा मी आजोबांच्या गोळ्या डबीत भरत होते. आई गावाहून, नाकाडोंगरीहून बोलते म्हणजे ओरडूनच बोलते. एवढ्या लांब आवाज जायचा तर जोर लावावा लागत असेल, असं तिला वाटतं.

"धान कापाले लागले वं रंजू. आन तुडतुडे असे सुटले का ताटात पडून राहिले. काल तुह्या बापानं लाइट बंद करून जेवन केलं. म्हने, दिसन नाही तं किळसबी येनार नाही."

ती हसली, मीही हसले. फोन ठेवल्यावर गोळ्या पुन्हा मोजल्या. मग अजून एकदा. गॅसचा खटका बघून आले, तो बंदच होता. हे माझं नेहमीचं आहे. पण कापणीचे दिवस आले की जरा वाढतं.

तुडतुडे म्हणजे तिळाएवढे किडे. धानाचा रस पिऊन वाढतात आणि कापणी लागली की शेतातून उठून गावच्या दिव्यांवर येतात. रात्रभर दिव्याखाली पडत राहतात, सकाळी झाडूनं गोळा केले की सुपातल्या कोंड्यासारखे दिसतात. मी ते शेवटचे झाडले भंडाऱ्याला, मेश्राम मॅडमच्या घरी देखभालीला होते तेव्हा. घर शहराच्या कडेला होतं, मागच्या भिंतीपलीकडे धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेले शेताचे तुकडे. दिवे लागायच्या आधी मी हॉलमधल्या काचेच्या टाकीवर जुन्या सुती साडीचं फडकं दुहेरी करून टाकायची, चारी कोपऱ्यांना चिमटे लावायची. मॅडम पलंगावरून बघत असायच्या.

"त्या किड्यांच्या पोटात फवारणीचं औषध असतं," त्या म्हणायच्या. "एक जरी पडला तर मासा खाईल. फट नको ठेवू."

मी फट ठेवली नाही. एकाही दिवशी नाही. हे मला अजून कुणाला तरी सांगावंसं वाटतं.

मॅडमचे मासे कुणाला दिसायचे नाहीत. हॉलमध्ये तीन फुटांची टाकी, तळाला बारीक वाळू, वाळूवर गोगलगायीचे रिकामे शंख, बस्स. हिरवं झाड नाही, प्लास्टिकचा किल्ला नाही, बुडबुडे सोडणारा बेडूक नाही. दूध घालायला येणारे भाऊ दर वेळी वाकून विचारायचे, "मॅडम, मासे कुठी गेले?"

"बाजारात गेले. तुमच्या दुधात पाणी कमी पडलं म्हणून आणायला."

भाऊ हसत हसत जायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच विचारायचे.

मासे होते. तिथेच होते, शंखांच्या आत. त्यांची जातच तशी. आफ्रिकेत एक फार खोल तळं आहे, त्याच्या तळाशी मेलेल्या गोगलगायींचे शंख साचलेले असतात, त्यात हे राहतात. नर करंगळीएवढा, मादी त्याहून लहान, अंगावर बारीक तपकिरी पट्टे, निळसर डोळा. जरा शांत बसलं की आधी शंखाच्या तोंडाशी तो डोळा दिसायचा. मग डोकं. मग मासा बाहेर यायचा आणि लगेच कामाला लागायचा. तोंडात वाळू भरायची, वीतभर लांब नेऊन थुंकायची, परत यायचं, परत भरायची. एवढ्याशा तोंडानं प्रत्येक जण आपल्या शंखापुढे खड्डा करायचा आणि शंख वाळूत असा गाडून घ्यायचा की फक्त तोंड उघडं राहावं. ते त्यांचं अंगण. मादी शंखात अंडी घालायची आणि निघालेली पिल्लं शंखाच्या तोंडाशी येऊन बघायची, पापणीच्या केसाएवढी. पाण्यात बोट घातलं तर ती आई बोटावर धावून यायची. भातातला खडा दाताखाली यावा तेवढीच टक्कर, पण मी हात मागे घ्यायची.

मॅडमचा मुलगा बंगळुरूला नोकरीला असताना एकदा रेल्वेनं येताना सहा मासे घेऊन आला होता. मग तो परदेशी गेला. मग साहेब वारले. मासे राहिले. सहाचे साठाच्या वर झाले ते मॅडमच्या हाताखाली. त्या शाळेत विज्ञान शिकवायच्या, नोकरी संपल्यावर वर्ग म्हणजे ही टाकी. "आपल्या बोअरचं पाणी जड आहे," त्या सांगायच्या, "गंज-पातेल्यात पांढरा थर बसतो, डाळ शिजत नाही, केस गळतात. आपल्याले वाईट, यायले मात्र एकदम झकास. असं पाणी पुण्या-मुंबईच्या लोकांना औषधं टाकून करावं लागतं." शिकवताना त्या पुस्तकी बोलायच्या आणि खूश झाल्या की आमच्यासारखं. रागावल्यावरही आमच्यासारखंच.

मी त्यांच्याकडे आले तेव्हा त्यांची डावी बाजू गेलेली होती आणि मी सतरा वर्षांची होते. त्यांना उठवणं, अंघोळ, जेवण, औषधं हे माझं काम. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "शाळा कितवीत सोडली?"

"नववीत."

"काहून?"

"आई आजारी होती."

"आता?"

"आता बरी हाये."

"मग?"

मी त्यांची उशी सारखी करायला लागले. संध्याकाळी कपाटातून एक कोरी वही काढायला लावली. "रोज टाकीसमोर दहा मिनिटं बसायचं. आधी बघायचं, मग लिहायचं. जे दिसलं नाही ते लिहायचं नाही."

मी लिहिलं, आज मासे चांगले होते. त्यांनी उजव्या हातानं त्यावर काट मारली. "चांगले म्हणजे काय? खाल्लं का? किती जण बाहेर आले? श्वास कसा?" मग मी पाण्यातल्या थर्मामीटरचा काटा वाचायला शिकले, माशाचे कल्ले मिनिटाला किती वेळा हलतात ते मोजायला शिकले. ऱ्हस्व-दीर्घ त्या लाल पेनानं दुरुस्त करत. आज मी जे चार शब्द लिहिते ते त्या वहीतून आले. इथल्या आजोबांचं ब्लडप्रेशर लिहिते, त्यांच्या सूनबाई म्हणतात, "रंजना, तुझी नोंद डॉक्टरांना फार आवडते." मी हो म्हणते. मग आकडे पुन्हा तपासते.

टाकीतले निम्मे शंख माझ्या गावचे होते. मासे वाढले, शंख कमी पडले, तेव्हा मी सुट्टीवर गेले होते. उन्हाळ्यात आमच्या शेतालगतची बोडी, म्हणजे पावसाचं पाणी साठवायचं लहान तळं, आटत येते आणि कडेच्या भेगाळलेल्या चिखलात गोगलगायीचे शंख उघडे पडतात. मी पिशवीभर वेचले. बाप म्हणाला, "लोकायच्या पोरी शहरातून काही आनतेत, हे इकडचे घोंगे घेऊन चालली." मॅडमनी ते तीनदा उकळले, महिनाभर पाण्यात ठेवले, मग टाकीत सोडले. एका मादीनं तासाभरात एकात शिरून बघितलं, बाहेर आली, फिरून शिरली आणि राहिली. मॅडम म्हणाल्या, "घे. नाकाडोंगरीले घर केलं तिनं." मला रडूच आलं. माझ्या गावातलं काही कुणाला इतकं आवडेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

मॅडम गेल्या त्याला आता चार वर्षं होतील. ती कापणी त्यांची शेवटची.

कापणी सुरू व्हायला आणि मॅडमना ताप यायला एकच गाठ पडली. खोकला छातीत उतरला. त्यांच्या पुतण्यानं गाडी करून त्यांना नागपूरला हलवलं, तो आणि त्याची बायको तिथे राहणार, मी घरी. स्ट्रेचर दारातून निघताना त्यांनी उजवा हात वर केला, म्हणून माणसं थांबली. श्वास लागत होता, तरी बोलल्या.

"मासे... बघशील ना?"

"हाव मॅडम."

"तूच आहेस."

घरात एकटीनं राहायची मला सवय नव्हती. मी भीतीनं साफसफाई काढली. जळमटं काढली, पंखे पुसले, गाद्या उन्हात टाकल्या. माळ्यावर पोत्यात गुंडाळलेला पितळेचा गुंड, म्हणजे पाणी भरायची मोठी घागर, सापडला, मॅडमच्या लग्नातला. पार काळा पडलेला. भंडाऱ्याच्या बाजारात पितळेच्या दुकानांवरून गेलं की अजूनही डोळे दिपतात, आणि इथे मॅडमच्या घरचं पितळ पोत्यात. मी दुपारभर अंगणात बसून तो चिंचेनं आणि राखेनं घासला. हात सोलवटले. शेजारच्या कुंदाताई भिंतीवरून वाकून म्हणाल्या, "अवं माय, सोन्याचा केला तू तं! आता मॅडमले यातलंच पानी पाजजो. पितळेतलं पानी अमृत रायते. प्लास्टिकचं कायले?"

माशांच्या पाण्याची निळी प्लास्टिकची बादली होती. मॅडमचा नियम होता: माशांचं पाणी त्याच बादलीत, एक दिवस ठेवलेलं, दुसऱ्या कशात नाही. का, ते मी विचारलं नव्हतं. त्याच आठवड्यात ती बादली बुडाला तडकली. दुसरी आणता आली असती, बाजार काही लांब नव्हता. पण समोर गुंड चमकत होता. मला वाटलं, मॅडम काटकसरी, म्हणून बादली वापरत असतील. मला वाटलं, त्या परत येतील तेव्हा त्यांना सांगेन, मासे तुमच्या लग्नाच्या गुंडातलं पाणी प्यायले. मला त्या किती खूश होतील ते दिसत होतं.

रोज सकाळी गुंड भरून ठेवायची. दुसऱ्या दिवशी टाकीतलं तेवढं पाणी काढायचं आणि गुंडातलं घालायचं. मॅडम आठवड्यातून एकदा बदलायच्या. मी रोज बदललं. जास्त काळजी घ्यावी म्हणून.

मागच्या बांध्यांमध्ये कापणीच्या बाया गाणी म्हणत नव्हत्या. मोबाइलवर लावून ठेवत आणि मुकाट कापत. ओल्या तणसाचा, धानाच्या पेंढ्याचा वास घरभर यायचा. रोज पाणी बदलायला लागल्याच्या पाचव्या दिवशी पिल्लं दिसली नाहीत. मी वहीत लिहिलं, पिल्लं बाहेर आली नाहीत. सहाव्या दिवशी मोठा नर वाळूवर बसून होता, कल्ले इतक्या जोरात हलत होते की मोजता येईनात. मी घाबरून पाणी बदललं. जास्त बदललं. सातव्या दिवशी तिघे वर तरंगत होते. बाकीचे शंखांत होते. ते बाहेर आले नाहीत.

आठव्या दिवशी वास सुटला. मी एकेक शंख काढून अंघोळीच्या बादलीत उलटा धरून हलवला. काहीतून मासे लगेच पडले, काहीतून पडेनात, मग नळाखाली धरले. पिल्लं पडली ती दिसलीच नाहीत, पाणी नुसतं राखाडी झालं. नाकाडोंगरीचा जो मोठा शंख होता त्यात ती मादी तोंड आतल्या बाजूला करून बसलेली होती. मी सगळ्यांना पपईखाली पुरलं. मग शंख उकळत्या पाण्यानं धुतले, टाकी धुतली, वाळू धुतली, पाणी भरलं आणि सगळे शंख होते तसे ठेवले. हे सगळं मी का करत होते, तेव्हा मला माहीत नव्हतं. ठेवून झाल्यावर मागे सरून पाहिलं आणि कळलं. टाकी हुबेहूब पूर्वीसारखी दिसत होती.

दुसऱ्या दिवशी मॅडम आल्या. पलंग सरकवून अगदी टाकीसमोर आणला होता. अंगात काही उरलं नव्हतं, नाकातली नळी गालावर चिकटपट्टीनं लावलेली. पुतण्या सामान उतरवत होता. त्यांनी मान वळवली.

"कसे आहेत?"

"आत हायेत मॅडम. गाडीच्या आवाजानं लपले."

हे इतक्या सहज आलं. मला वाटलं होतं खोटं बोलायला जोर लागतो.

तीन दिवस त्या फारसं जेवल्या नाहीत. पातळ पेज दोन चमचे, मग तोंड मिटायच्या. पुतण्याची बायको मला स्वयंपाकघरात म्हणाली, "डॉक्टरनं सांगतलं, खाल्लं तं राहतीन, नाही तं नाही. तू बघ बाई काही तरी करून." चौथ्या दिवशी मॅडम टाकीकडे बघत म्हणाल्या, "खड्डे... सपाट झाले."

मी धुतलेली वाळू सारखी करून टाकली होती.

"कोणी खोदत नाही?"

मी पेजेचा वाटीचमचा खाली ठेवला. "खोदतीन ना. नवं पाणी हाये."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना जाग यायच्या आधी मी लोणच्याच्या बरणीतला लांब दांड्याचा चमचा घेतला, घासला, आणि टाकीत हात घालून प्रत्येक शंखापुढे खड्डा केला. थोडी वाळू शंखाच्या पाठीवर टाकली, ते टाकायचे तशी. एका खड्ड्याचा काठ ढासळला तो परत केला. माझ्या हाताला माहीत होतं कुणाचं अंगण किती खोल असायचं. दोन वर्षं रोज दहा मिनिटं बघितलं होतं ना.

मॅडम जाग्या झाल्या, चष्मा मागितला. बराच वेळ बघत राहिल्या.

"लागले कामाला," त्या म्हणाल्या. त्या दिवशी पेजेची वाटी संपली.

तेव्हापासून माझे दोन चमचे झाले. एकानं सकाळी खड्डे करायची, दुसऱ्यानं मॅडमना भरवायची. खड्डे नवे दिसले की त्या जेवायच्या. संध्याकाळी फडकं टाकून चिमटे लावायची, रिकाम्या टाकीवर, कारण नाही लावले तर त्या विचारतील. मग त्या म्हणायच्या, "वाच." आणि मी वहीतून वाचायची. पिल्लं बारा. पिल्लं चौदा. मोठा नर उजव्या कोपऱ्यात, मादीशी भांडला. मला सुचत जायचं. अक्षरही सुंदर येत होतं त्या दिवसांत, आधी कधी आलं नाही इतकं.

मला कशाची भीती होती, ते मी नंतर पुष्कळदा स्वतःला विचारलं. मॅडम जेवायच्या थांबतील ही होती, हे खरं. पण हेही खरं की त्या मला काढून टाकतील, मी नाकाडोंगरीला परत जाईन आणि पुन्हा कुणी माझ्या हातात वही देणार नाही, ही भीती त्याच्याहून मोठी होती. मॅडमच्या जिवाच्या आड मी माझी भीती लपवली. हे लिहायला मला चार वर्षं लागली.

इथे पुण्यात कोपऱ्यावर माशांचं दुकान आहे. काचेत लाल, केशरी, निळे मासे सारखे फिरत असतात, दिवसभर सगळ्यांना दिसत असतात. आजोबांना चाकाच्या खुर्चीतून फिरायला नेते तेव्हा ते तिथे थांबायला सांगतात. मी पाठ करून उभी राहते. एकदा त्यांनी विचारलं, "तुला नाही का आवडत?" मी म्हटलं, "आवडतात आजोबा. जास्तच आवडतात."

खड्डे करायला लागल्याच्या आठव्या दिवशी, शुक्रवारी, मॅडम जरा उठून बसल्या होत्या. उशांना टेकून. रंग परत आला होता. म्हणाल्या, "रविवारी टेंभुर्णे येतो आहे. लाखनीवरून."

टेंभुर्णे त्यांचे जुने विद्यार्थी, हायवेवर मोटर रिवाइंडिंगचं दुकान. दोनतीनदा येऊन टाकीसमोर तासभर बसून गेले होते. त्यांनी घरी तशीच टाकी करून ठेवली होती, दीड वर्षापासून, मासे नसलेली. मॅडम "अजून थांब, अजून वाढू दे," म्हणत राहिल्या होत्या.

"सगळे देऊन टाकू त्याले," मॅडम म्हणाल्या. "मी काही... आता फार नाही. तो चांगला सांभाळीन. आणि रंजना, तू त्याच्या पोरीले वही लिहायची शिकव. आधी बघायचं, मग लिहायचं."

त्या रात्री मी काय काय ठरवलं ते सांगण्यात अर्थ नाही. बाजारातून दुसरे मासे आणायचं ठरवलं. टेंभुर्णे भाऊंना दारातच थांबवून पाया पडायचं ठरवलं. पळून जायचं ठरवलं.

शनिवारी दुपारी जेवणं झाली. मागच्या बांधीत धान काढायची मशीन लागली होती, कोंडा हवेत उडत होता, खिडकी लावूनही आवाज येत होता. मी पलंगाजवळ खाली बसले.

"मॅडम, मासे मेले."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मशीनच्या आवाजात ऐकू गेलं नसेल म्हणून मी पुन्हा म्हटलं. "सगळे मेले. तुम्ही नागपूरले होत्या तवाच. मले नाही मालूम कसे."

मला वाटलं त्या ओरडतील, किंवा त्यांना काही होईल. मी पाण्याचा पेला हातात धरून ठेवला होता. त्यांनी टाकीकडे बघितलं, मग परत माझ्याकडे, आणि म्हणाल्या, "लाइट गेली होती?"

"नाही."

"फडकं?"

"रोज टाकलं."

"खाद्य जास्त?"

"चिमटीच घातली मॅडम. तुम्ही दाखवली तेवढीच."

"पाणी?"

"रोज बदललं."

"रोज?" त्या थांबल्या. श्वास घेतला. "कशात ठेवत होतीस?"

"गुंडात. बादली तडकली होती. तुमच्या पितळेच्या... मी घासला होता. चिंचेनं."

त्यांनी डोळे मिटले. मी मेलेच असं वाटलं मला. पण त्या विचार करत होत्या. मग शाळेतल्या आवाजात, तुटक तुटक, म्हणाल्या, "पितळेत तांबं असतं. चिंचेनं घासलं की ते मोकळं होतं. पाण्यात उतरतं. माणसाला एवढ्यानं काही होत नाही. माशाचे कल्ले जळतात." थोड्या वेळानं, "मी तुला सांगायला पाहिजे होतं. मला कधी वाटलंच नाही की कुणी..."

मग त्यांचे डोळे उघडले.

"आणि खड्डे?"

मी पेला दुसऱ्या हातात घेतला.

"खड्डे कोणी केले रंजना?"

"मी. चमच्यानं."

इतका वेळ त्यांचा चेहरा शिक्षिकेचा होता. तो गेला. चांगली असलेली उजवी बाजूही डाव्या बाजूसारखी खाली आली. त्या भिंतीकडे वळल्या. मशीन बंद झाली, माणसं पाणी प्यायला थांबली असतील, पुन्हा सुरू झाली. मी तिथेच बसून होते, पेला हातात.

भिंतीकडे तोंड ठेवूनच त्या म्हणाल्या, "वही आण."

मी आणली.

"लिही."

मी लिहिलं, मी मासे मारले. आणि वाचून दाखवलं.

"काट," त्या म्हणाल्या. "ते नको. लिही: पितळेच्या गुंडात एक दिवस ठेवलेलं पाणी रोज घातलं. पाचव्या दिवसापासून पिल्लं दिसली नाहीत. आठव्या दिवसापर्यंत सर्व मासे मेले." मी लिहीत होते, त्या थांबत थांबत सांगत होत्या, स्वल्पविरामसुद्धा. "खाली लिही: माशांच्या पाण्याला पितळ, तांबं वापरू नये. त्याखाली रेघ."

मी रेघ मारली.

"आता पुढचं लिही. पुढचे आठ दिवस वहीत खोटं लिहिलं." त्या माझ्याकडे वळल्या. डोळे कोरडे होते. "हे तुहं आहे. ते दुसरं, मासे मेले ते, तुहं नाही."

मी लिहिलं. त्यांनी पेन मागितलं आणि लाल नव्हतं म्हणून निळ्यानंच मागच्या आठ पानांवर, एकेका पानावर, उभी काट मारली. एका हातानं वही धरता येत नव्हती म्हणून मी धरली. पिल्लं बारा. पिल्लं चौदा. मोठा नर उजव्या कोपऱ्यात.

त्यांनी मला माफ केलं का, मला माहीत नाही. त्यानंतर सव्वा महिना त्या होत्या. माझ्याच हातानं जेवल्या, कमी जेवल्या. मला काढलं नाही, कुणाला सांगितलंही नाही. सकाळी जाग आली की मात्र पूर्वी टाकीकडे बघायच्या, आता छताकडे बघायच्या. मी विचारू शकले असते. एवढं धैर्य माझ्यात नव्हतं, आणि त्यांच्यात उत्तर द्यायची ताकद असेल असं मला वाटत नाही. जाण्याच्या आदल्या आठवड्यात त्यांनी पुतण्याला पुण्याच्या ओळखीच्या बाईंना फोन करायला लावला, त्यातून मला हे काम मिळालं. त्याचा अर्थ मी अनेक तऱ्हांनी लावून बघते. कोणताही एक टिकत नाही.

पण त्या शनिवारचं एक राहिलं.

वही मिटल्यावर मॅडम म्हणाल्या, "टेंभुर्णेले फोन लाव."

मला वाटलं, त्या सांगतील. की विचार बदलला, की मासे आजारी पडले, असं काही तरी. मी नंबर लावला, स्पीकर केला आणि फोन त्यांच्या तोंडाशी धरला. त्यांनी उजव्या हातानं फोन माझ्याकडे ढकलला.

"हॅलो मॅडम! जय भीम!" भाऊंचा आवाज मोठा, मागे हायवेवरचे ट्रक. "उद्या येऊनच राहिलो ना. दोन कॅन धुवून ठेवले, पोरगी तं सकाळपासून टाकीसमोर बसून आहे. म्हणते, बाबा, ते शंखात शिरतेत ते मी पाहीन. हॅलो?"

"भाऊ, मी रंजना," मी म्हटलं.

"हां रंजना, बोल. मॅडम बऱ्या आहेत ना?"

मी सांगायला लागले. बादली तडकली तिथून. गुंडापर्यंत आले. ते मध्येच "अरे अरे" म्हणाले. मासे पपईखाली पुरले इथपर्यंत आले. पुढचं, चमच्याचं आणि वहीचं, सांगायची गरज नव्हती. त्यांना मासे नाहीत एवढंच कळायला हवं होतं, ते कळलं होतं, आता फोन ठेवता येत होता. मी मॅडमकडे बघितलं. त्यांनी डोळे मिटलेले होते.

"हॅलो," भाऊ म्हणाले. "रंजना? काही नाही, होते असं. कोणाकडूनबी होते. ठेवू मग?"

मॅडमनी डोळे उघडले नाहीत. फक्त म्हणाल्या, "सांग."

मी म्हटलं, "भाऊ, ठेवू नका. अजून आहे."